आखाजीला आवळलेली गाडी

तुमच्या आबांचं गाड्यांचं गॅरेज, सोनगीरचे लोक त्यांना झुलाल मिस्तरी म्हणायचे. मी एरवी त्यांचं नाव घेत नाही. घेतलं तर येऊन बसतात.

ते गेले त्या सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरं घरी जेवायला येतात तो दिवस, त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही. पण माझी लेक बेबा भडगावला सासरी, सातवा महिना लागलेला, पहिलटकरीण. तिच्या सासूचा निरोप होता, एसटीने पोर पाठवणार नाही. आज दिवस मावळायच्या आत गाडी आणा, नाहीतर बाळंतपण इथेच. आणि त्या घरची मोठी सून बाळंतपणातच गेली होती.

आमची गाडी तर इंजिन उघडून पडलेली. वना, माझा पोरगा, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवत होता. घाईचा गडी. कोपऱ्यातला बोल्ट धरायचा नि एकाच दमात जीव लावून आवळायचा. मग हेड तिरकं बसायचं, पाणी गळायचं. दोनदा तसंच झालं.

भर दुपारी मी घागर पुजली, विस्तवावर घास टाकला. धूर वर जाईना. सरपटत दाराबाहेर गेला, थेट गॅरेजकडे. मी मागे.

वना पांढराफटक. "माय, पाना मी धरेल शे, पन फिरवस दुसराच कोनी."

"तुना बाप शे. हात ढिला सोड."

बघता बघता सगळे बोल्ट सैल झाले. पाना मधल्या बोल्टवर गेला, जरासा फिरला, थांबला. मग समोरचा, मग तिरपा. असं मधून कडेकडेला. सगळे हलके आवळून झाले की परत मधूनच, जरा जोरात. तिसऱ्या, शेवटच्या फेऱ्याला वना भीतीने जास्तच ओढायला लागला, तर त्याच्या मनगटावर फटका बसला. मी आवाज ऐकला. खोटं वाटत असेल तर विचारा त्याला.

"मेल्यावरही पोराला मारतात," मी म्हटलं. गॅरेजात बिडीचा वास आला. उत्तर सुचलं नाही की ते बिडीच पेटवायचे.

गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. ऊन कलायच्या आत भडगाव. बेबा पिशवी घेऊन ओट्यावर तयारच. तिच्या सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ती मला म्हणाली, "विहीणबाई, दुपारी माणूस कशाले धाडला? म्हने पोरीले तयार ठेवा, शेवटचा फेरा चालू शे. पानी मागितलं नि न पिताच गेला."

ओट्यावर तांब्या भरलेला होता. काठाला काळ्या ऑइलची बोटं उमटलेली.

तांब्या बेबाने धुतला नाही. तसाच मांडीवर धरून गाडीत बसली, आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्याने सोनगीरपर्यंत त्यातलं पाणी हललं नाही.