धाऊंनी पाहिलेलं चोविसावं घर

शेणवे गावाच्या अलीकडे आमचा पाडा. इथे मुलीचं लग्न ठरायचं झालं की घर बघायला धाऊंना नेतात. आजवर त्यांनी तेवीस घरं बघितली. पद्धत ठरलेली. न कळवता जायचं, ओटीवर बसायचं, पाणी मागायचं, पण चहाला हात लावायचा नाही, कारण चहा घेतला म्हणजे होकार दिला. मग लघवीचं निमित्त करून घराच्या मागे एक चक्कर. "पुढचा भाग पावण्यांसाठी सारवतात रे," ते सांगतात, "घर मागनं बघायचं." चूल, गोठा, सरपण बघून परत येईपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असतो. तेवीसपैकी बावीस घरं चांगली निघाली, असा पाड्याचा हिशेब आहे. उरलेल्या एकाचं नाव त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

यंदा एप्रिलात त्यांच्याच घरात प्रश्न उभा राहिला, आणि तो लग्नाचा नव्हता. नात भूमिका चौथी पास होणार होती आणि पाड्याची शाळा चौथीलाच संपते. पुढे दोन वाटा. एक, रोज ओढा ओलांडून अडीच किलोमीटर चालायचं आणि मग जीप. त्या जीपमधली मुलं मोजता येत नाहीत, एकमेकांखाली दिसतच नाहीत. दुसरी, मुरबाडच्या रस्त्याला मुलींची वसतिगृहाची शाळा. भूमिकाचा बाप, म्हणजे धाऊंचा मुलगा हरेश, वाशिंदच्या कंपनीत कामाला. त्याचं मत वसतिगृहाकडे. आई नम्रताचं मत कुठेच नव्हतं. दूरच्या कुठल्याशा शाळेची एक वाईट बातमी तिच्या फोनवर आली होती, तेव्हापासून ती लेकीला कुशीत घेऊन झोपायची आणि झोपायची म्हणजे जागीच असायची.

"हे बघा," हरेशने रविवारी सकाळी फोन पुढे केला. "शाळा सेफ हाय का ते ओळखायच्या एकवीस खुणा. कॅमेरे, भिंत, आग विझवायचा सिलेंडर…"

"त्या फोनची कुठं सोयरीक झालीय?" धाऊ म्हणाले. "गुरुवारी जाऊ. रविवारी भेटीचा दिस असतो, सगळं धुऊनपुसून ठेवतात."

"मग भूमिकाला बी घ्या," आतून ताराबाई म्हणाली. ती हरेशची थोरली बहीण. बारा वर्षं झाली, माहेरीच असते.

"घर बघायला पोरीला नेतात का कुठं? लोक हसतील गो."

"हसू देत. राहायचंय तिला."

धाऊंनी मान्य केलं. आमच्याकडे हे फार वेळा घडत नाही.

गुरुवारी पाच जण इको गाडीतून उतरले. धाऊंच्या डोक्यावर धुतलेली टोपी होती, घर बघायला जाताना असते तीच. गेटवर नवशा नावाचा राखणदार वही घेऊन बसला होता.

"नाव सांगा आजोबा. कुणाची पोर, काय काम, आत किती वाजता."

"अरे, या रस्त्यानं मी पन्नास वर्सं जातोय!"

"जा की. पण आत यायचं तर नाव लागतं."

धाऊंनी नाव सांगितलं, पण असं, की जणू उसनं देतायत.

अधीक्षिका अंजू मॅडम ऑफिसात होत्या. चहा आला. धाऊंनी हात जोडून नाही म्हटलं. हरेशचा अर्धा कप पिऊन झाल्यावर त्याला आठवलं आणि त्याने कप असा खाली ठेवला की मॅडमना वाटलं, माशी पडली. मग त्याने फोनवरून कागदावर उतरवलेली यादी काढली. कॅमेरे चार, त्यातला एक बंद, हे मॅडमनी स्वतःच सांगितलं. भिंत तीन बाजूंनी, चौथीला तारेचं कुंपण. रात्री दोन बाया मुक्कामी. हरेश बरोबर आणि चूक अशा खुणा करत गेला. नम्रताने एकच विचारलं.

"रात्री ताप आला तर?"

"माझी खोली मुलींच्या हॉलला लागून आहे. मधलं दार मी लावत नाही."

धाऊ उठले. "जरा लघवीला जाऊन येतो."

दोन मिनिटांत परत आले ते लालबुंद होऊन. मागून नवशा.

"पुरुषांचं गेटाजवळ हाय आजोबा. मुलींच्या बाजूला मॅडमचा नवरा बी जात नाय."

"मागचं बघू देत नाय म्हंजे काय तरी लपवतात," धाऊ हरेशला म्हणाले, ऑफिसभर ऐकू जाईल एवढ्या हळू. "चल."

तेवीस घरांत त्यांना मागच्या अंगणातून कुणी परतवलं नव्हतं. पाव्हणा आहे, कोण बोलणार? भूमिकाने आईचा पदर धरला.

"तुमी बसा बाबा," ताराबाई म्हणाली. "मी जाते."

"जा ना ताई, बायकांना मोकळं आहे," मॅडम म्हणाल्या. "भूमिकालाही न्या."

मागे कमळाबाई तांदूळ निवडत होती आणि पाच-सहा मुली कपडे पिळत होत्या. त्यांतली मेघा, सातवीतली, भूमिकाला सगळं दाखवत फिरली. ताराबाईने चूल बघितली नाही की कोठी उघडली नाही. ती नळाजवळच्या दगडावर बसून मुलींच्या गप्पा ऐकत राहिली. अर्ध्या तासाने तिघी ऑफिसात आल्या, आणि मेघाने पाहुण्यांकडे बघितलंही नाही.

"मॅडम, तिसऱ्या बाथरूमची कडी तुटून चार दिवस झाले. तुम्ही बुधवारी लावते म्हणालात. बुधवार काल होता."

मॅडमचा चेहरा उतरला. "राहिलं गं माझ्याकडून. सुताराला आत्ताच फोन करते. तोवर त्या बाथरूमला बाहेरून कुलूप घाल, कुणी वापरायचं नाही." त्यांनी खणातून कुलूप काढून दिलं. मेघाने ते उघडझाप करून बघितलं आणि गेली.

हरेशने यादीवर मोठी फुली मारली. नम्रता उठून उभीच राहिली. "बाथरूमला कडी नाय? मी नाय ठेवायची इथं." धाऊंनी टोपी सारखी केली. त्यांचं तर आधीच ठरलं होतं.

ताराबाई उठली नाही.

"माझ्या सासरी सगळ्या दारांना कड्या होत्या बाबा," ती म्हणाली. "तुमी मागं जाऊन बघून आलात. चार म्हशी, माळ्यावर भात, पाण्याला आड. सगळं होतं."

हरेश फोनकडे बघू लागला. फोन बंद होता.

"तुमी म्हयन्याला यायचात. सासू मांडीला मांडी लावून बसायची. तुमी विचारायचात, बरी हायस ना गो. मी म्हणायची, बरी हाय. दोन वर्सं म्हणत होते."

"मला कुणी सांगितलं नाय गो, तारे."

"तुमी एकटीला विचारलं नाय."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी बाहेर जायला हवं होतं, पण आता उठलं तर आवाज होईल म्हणून बसून राहिल्या.

"ही पोरगी पावण्यांसमोर बाईच्या तोंडावर बोलली," ताराबाई नम्रताकडे वळली. "बोलून पळाली नाय. नि बाईंनी तिला दटावलं नाय, कुलूप दिलं. मागं बी तेच. पोरी कमळाबाईला म्हणतात डाळ पातळ हाय, ती म्हणते उद्या घट्ट करते. मी तेवढंच बघायला आले होते. कडी काय, हरेश बी लावून देईल."

धाऊ खाली बसले. टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्यावरची नसलेली धूळ झटकत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरीला भेटायला आलं तर तुमी बाजूला बसता का?"

"नाही. त्या आंब्याखाली बसतात सगळे. यादीत नाव असलेला माणूसच आलाय ना, एवढंच मी बघते."

"माझं नाव लिवा त्या यादीत." मग ते नातीकडे वळले आणि तेवीस घरं बघताना ज्याची कधी गरज वाटली नव्हती ते विचारलं, "तुला काय वाटतं गो?"

भूमिकाने आधी आईकडे बघितलं. "मेघाताईच्या बाजूची कॉट रिकामी हाय," ती म्हणाली. "पण मला आईची चादर पायजे. धुतलेली नको."

नम्रताने तोंडाला पदर लावला, आणि ते हसू होतं की काय, हे कुणी विचारलं नाही. हरेश मात्र कडी लागल्याची खात्री करायला दोन दिवसांनी कामावरून येताना वाट वाकडी करून गेला. नवशाने त्याचंही नाव लिहून घेतलं आणि गेटातूनच सांगितलं, लागली.

जूनमध्ये भूमिका गेली. पहिल्या रविवारी नम्रताला ताप होता, म्हणून धाऊ एकटेच भेटायला गेले. आंब्याखाली नातीसमोर बसले आणि एकटीला विचारलं. ती पाऊण तास बोलली.

घरी येऊन त्यांनी नम्रताच्या अंथरुणाशी बसून सगळं सांगितलं. भाकरी कडक असते. मेघाताई घोरते. गणिताचे सर फळ्याशी बोलतात. अंघोळीचं पाणी शेवटच्या तिघींना गार मिळतं, आणि ही शेवटच्या तिघींत असते, कारण उठत नाही. अशा अकरा तक्रारी. अकरावी सांगताना मात्र ते हसले नाहीत. तारेच्या कुंपणापलीकडून दोन पोरं संध्याकाळी हाका मारत होती. ती गोष्ट त्यांनी निघण्याआधीच, भूमिकाला शेजारी उभं करून, मॅडमच्या कानावर घातली होती. मॅडमना मुलींनी ती शुक्रवारीच सांगितली होती. शनिवारपासून नवशा संध्याकाळी खुर्ची घेऊन तिकडेच बसत होता, आणि पोरांच्या घरी निरोप गेला होता.

"अजून काय म्हणाली?" नम्रताने विचारलं.

"एवढंच."

"परत सांगा. पयल्यापासून."

धाऊंनी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी तक्रारी तेरा झाल्या. दोन त्यांनी पदरच्या घातल्या, असं ताराबाईचं म्हणणं आहे, पण तोवर नम्रताला झोप लागली होती.