घरजावयाचं मशीन

आमचा जावई घरजावई, आणि नोकरी अतिक्रमण खात्यात, घरं पाडायच्या मशीनवर. त्यामुळे आमचंच घर पाडायची वेळ आली तेव्हा त्याला ड्युटीवर जायला कुठे जावंच लागलं नाही. चहा पिऊन दारातच मशीनवर चढून बसला.

मशीन रात्री आमच्याच दारात असायचं. डेपोत डिझेल चोरीला जातं म्हणून खात्यानंच तशी परवानगी दिली होती. दारात एवढं लोखंड उभं, ते वाया कशाला घालवायचं? म्हणून मी छपराच्या ताडपत्रीची दोरी त्याला बांधायची आणि सकाळी सोडायची.

आम्ही गटारं उपसणारी माणसं. शहराला आमचे हात हवेत, शेजार नको. नाल्याच्या अलीकडे आमच्या लोकांनी राहायचं नाही असा ठराव झाला, आणि अलीकडे घर एकट्या आमचंच. त्यात लेकीला सातवा महिना.

कारवाईला आलेले साहेब नवीन होते. पोरसवदा, राज्यशास्त्रात मोठी पदवी घेतलेले. आल्या आल्या मला म्हणाले, “मावशी, राग मानू नका. हिंसा माणूस करत नाही, व्यवस्था करते.”

“बरं झालं,” जावई वरून म्हणाला. “मग चावी व्यवस्थेलाच फिरवू दे.”

“तसं नसतं हो. व्यवस्थेला हात नसतात. ती आपले वापरते.”

जावयानं आपले हात उलटसुलट करून बघितले आणि काखेत घातले. “साहेब, सासूबाईंसमोर बरं दिसत नाही. आज तुमचे वापरा.” आणि खाली उतरला.

साहेब चढले. चावीला हात लावला. समोर अंगणात लेक पोट सावरत उभी, त्यांच्यासाठीच चहा घेऊन. साहेब हललेच नाहीत.

“मावशी, मी यावर प्रबंध लिहिलाय,” ते म्हणाले, अंगात ताप आहे असं सांगावं तसं.

“असू दे बाळा. उतर खाली, चहा निवतोय.”

चहा पिऊन साहेब म्हणाले, “आज कारवाई नाही. मशीन मागे घ्या.” लेकीनं डोळे पुसले. जावयाला एवढा आनंद झाला की त्यानं मशीन झोकात मागे घेतलं.

दोरी सोडायची राहिली होती.

आधी ताडपत्री गेली, तिच्यामागे बांबू, मग पत्र्याच्या भिंती दमल्यासारख्या खाली बसल्या.

“सासूबाई,” जावई वरून म्हणाला, “दोरी.”

“दिसली,” मी म्हटलं.

“इतक्या सफाईनं यांनी आजवर एकही घर पाडलं नसेल,” लेक म्हणाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. पलीकडे मोठे साहेब. “हो सर, पडलं घर. नाही सर, विरोध कसला? चहा दिला.” फोन खिशात टाकून ते हळूच म्हणाले, “आता कागदोपत्री तुमचं घर नाही. नसलेलं घर पाडायला कोणी येत नाही.” मग त्यांचाच चेहरा पडला. “तसं हे वाईटच आहे. याला आमच्या विषयात एक नाव आहे…”

“नाव मागून सांगा. आधी ताडपत्रीचं हे टोक धरा,” मी म्हटलं.

“आणि नळ?” लेक म्हणाली. “नसलेल्या घराला नळ कोण देणार?”

“असलेल्याला तरी कुठे होता?”

दिवस मावळायच्या आत घर उभं राहिलं, जरा वाकडं. साहेब हात झटकत, समाधानानं निघून गेले. त्यांनी गाठ कुठे मारली म्हणून मी बघायला गेले, तर मशीनलाच.

मी ती सोडली आणि झाडाला बांधली. एका दिवसात माणसानं शिकायचं तरी किती?