विनीतच्या गाडीचा कौल

रविवारी संध्याकाळी लालबागच्या त्या चाळीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. वरळीची मंडळी येत, अँटॉप हिलची येत, आणि सगळी एका मोटरसायकलीपुढे हात जोडून उभी राहत. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी, तोंड पूर्वेकडे. हँडलला झेंडूचे हार, स्पीडच्या काट्यांच्या काचेवर गंधाचा जाड टिळा, आणि सीटवरून पार खाली सोडलेला जांभळा शालू. शालू जाईबाईंचा होता आणि गाडी त्यांच्या मुलाची, विनीतची. विनीतला काविळीने नेऊन दोन वर्षं झाली होती. पण चाळीचं म्हणणं असं की तो गेलाच नव्हता. तो त्या इंजिनात येऊन बसला होता आणि लोकांना कौल देत होता.

कोकणातल्या माणसाला कौल समजावून सांगावा लागत नाही. गावच्या देवाला पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. इथे पाकळ्यांचं काम बटणाकडे आलं होतं. प्रश्न विचारणाऱ्याने सेल्फ दाबायचा. गाडी सुरू झाली की उजवा कौल, गप्प राहिली की डावा.

ह्या देवस्थानाचा सर्वेसर्वा कुशाबा. राहायला चिंचपोकळीला, मूळचा जाईबाईंच्याच गावचा, गळा खणखणीत. गाडीच्या डाव्या अंगाला, शालूला अगदी खेटून उभा राहून तो गाऱ्हाणं घाली. पुढ्यातल्या ताटात पडणारे नारळ, पेढे आणि पैसे शेवटी तोच घरी नेई.

“बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. काय चुकला असात ता पोटात घाल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गर्दी म्हणे.

“पेट्रोलात कचरो असात, पलगात काजळी असात, कोणाची वायट नजर सायलेन्सरात बसली असात, ती धुरावांगडा भायर घालव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

देवाला इतकं मेकॅनिकचं काम सांगणारा माणूस जाईबाईंनी जन्मात पाहिला नव्हता.

जाईबाई मुळातच संशयी. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघतील, दूध बोटावर घेऊन निथळवून बघतील, आणि डॉक्टरने दिलेली गोळी औषधवाल्याला दोनदा विचारल्याशिवाय गिळणार नाहीत. पण ह्या बाबतीत त्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. त्याला कारण होतं.

झालं होतं असं, की विनीतमागे गाडी दीड वर्ष जिन्याखाली पडून होती. जाईबाईंच्या सुनेचं नाव पूर्वी. ती एक दिवस म्हणाली, मी चालवायला शिकते, ऑफिसला नेईन. तिसऱ्या माळ्यावरचा मयूर मदतीला आला. त्याने बॅटरी चार्ज करून आणली, शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, प्लग बदलला, इंजिन बंद करायचा लाल स्विच तपासला, फ्यूज काढून फुंकर मारून परत बसवला. दिवा लागे, हॉर्न वाजे, पण सेल्फ हूं की चूं करीना. किक मारून मारून मयूरचा पाय सुजला. तेव्हा कुशाबा आला. त्याने जाईबाईंकडे ठेवणीतला शालू मागितला, गाडीवर पांघरला, गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाला, “आता दाब गो.” पूर्वीने बटण दाबलं आणि गाडी धडधडली. विनीत कामावरून यायचा तेव्हा असाच आवाज यायचा. त्या क्षणी त्यांनीही हात जोडले होते.

मयूरने नंतर शालू काढून गाडी तपासली. ती पहिल्याच दणक्याला सुरू झाली. बिघाडच सापडेना, तर पकडणार काय? चाळीची खात्रीच पटली.

मग पूर्वीच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला. ऑफिसातला सुशांत, अँटॉप हिलला राहणारा, मुलगा सरळ. पूर्वीने कुणाच्या आडून न सांगता थेट सासूला सांगितलं. जाईबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्या एका खोलीत आपण एकट्या कशा राहू, ही भीती त्यांना हो म्हणू देत नव्हती. पूर्वी मात्र नळावर चारचौघींत बोलून गेली, “गाडी माझ्या नावावर आहे, ती मी नेणार.”

पुढच्याच रविवारी कुशाबाने आपणहून काढलं, “सुनेचा लगीन विनीताक इचारल्याशिवाय कसा होतला?”

पूर्वीने विचारलं आणि बटण दाबलं. गाडी गप्प. पुन्हा दाबलं. गाडी गप्प. भर गर्दीत तिचा चेहरा उतरला, आणि त्या संध्याकाळीच तिने सुशांतला फोन करून सांगितलं, “आपण नको करूया. विनीतला आवडत नाहीये.” कुशाबाने जाहीर केलं की पुढच्या रविवारी शेवटचा कौल लावून हा विषय कायमचा मिटवायचा.

जाईबाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण सकाळी चहा गाळता गाळता शंकेची पाल चुकचुकली. विनीत, आणि माझ्या मनासारखा कौल देतोय? जिवंतपणी त्याने आईचं एक ऐकलं नाही. भात वाढला तर चपाती मागायचा. पूर्वीने नोकरी करू नये म्हणून आपण आठवडाभर रुसून बसलो, तर हाच म्हणाला होता, “आई, तिचं तिला कळतं.” पूर्वीला कधी नाही न म्हणणारा हा मुलगा मेल्यावर एवढा आईवेडा कसा झाला?

एकदा संशय आला की जाईबाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत्या. शालू धुवायचं निमित्त करून त्या दुपारी, चाळ जरा सुस्तावली असताना, अंगणात उतरल्या. शालूचा डाव्या बाजूचा काठ त्यांनी उलटा केला आणि त्यांचा जीव जळला. आतून, एकाच जागी, काळ्या ग्रीसचा ओघळ. दुसरीकडे कुठेही नाही. आणि मग त्यांना आठवलं, की डावा कौल पडतो तेव्हा नेमका इथेच काठ जरासा फुगून पुढे येतो. त्यांना वाटायचं, वारा असेल.

त्या गुडघे धरून खाली बसल्या. समोर साइड स्टँड होता, वर दुमडलेला, टोकाला ग्रीस. जाईबाईंनी किल्ली लावून बटण दाबलं. गाडी सुरू झाली. मग त्यांनी चपलेच्या टोकाने स्टँड खाली ढकलला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं. आता बटण दाबून काही उपयोग नव्हता. स्टँड वर केला, गाडी सुरू. खाली केला, बंद. काचेवरचा टिळा पदराने पुसला, तर त्याखाली एक बारका तांबडा दिवा होता, त्यावर कललेल्या स्टँडचं चित्र. स्टँड खाली असला की दिवा लागे. कुशाबाने गंध फासायला काच काही उगाच निवडली नव्हती.

जाईबाई जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या. मुलगा दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्यांना वाटलं. आणि रडता रडता आणखी एक विचार आला, तो लपवण्यात अर्थ नाही. आपण गप्प बसलो तर पूर्वी राहील. कुणाला कळणारही नाही. त्या विचाराची त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी टिळा होता तसा पुन्हा लावला, शालू धुऊन वाळवला आणि शनिवारी आपल्या हाताने गाडीवर घातला.

रविवारी अंगण तुडुंब भरलं. कुशाबा घसा खाकरून पुढे झाला, तर त्याच्या जागेवर जाईबाई उभ्या.

“आज गाऱ्हाणा मी घालतंय.”

“बाईमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता, जाईबाय.”

“आवशीन झीलाशी बोलूचा नसता?”

आईलाच मुलाशी बोलायला बंदी? गर्दीत हसू पसरलं. कुशाबाला बाजूला व्हावं लागलं. त्याची नजर मात्र जाईबाईंच्या पायांवर खिळली होती. जाईबाईंनी पूर्वीला बटणावर बोट ठेवायला सांगितलं.

“विनीता, हो कुशाबा खरा बोलता काय रे?”

पूर्वीने बटण दाबलं. गाडी गप्प. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“आणि पूर्वी कारल्याची भाजी करता, ती तुका आवडता ना?”

गाडी धडधडली. पूर्वीने चमकून सासूकडे पाहिलं.

“आई, विनीत कारल्याला हात लावत नव्हता. वास आला तरी उठून जायचा.”

“माका म्हायत नाय? तो ल्हानाचो मोठो कोणी केलो?” जाईबाई म्हणाल्या आणि त्यांनी शालूचा काठ गुडघ्यापर्यंत उचलला. त्यांचं पाऊल साइड स्टँडवर होतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी तो खाली ढकलला. गाडी बंद पडली. “ह्यो बघा विनीत.”

मयूर पुढे येऊन वाकला आणि कपाळावर हात मारून घेतला. “नव्या गाड्यांना स्टँडला स्विच असतो. स्टँड न उचलता कोणी निघाला तर आपटेल, म्हणून स्टँड खाली असला की इंजिन चालूच होत नाही. त्या दिवशी मीच गाडी डबल स्टँडवर घेतली आणि हा खाली राहिला. डबल स्टँडवर असताना साइड स्टँड कोण बघणार? काचेवरचा तांबडा दिवा पेटलेला होता, पण तो कशाचा ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या जुन्या गाडीला असलं काही नाहीच.” मग तो सावकाश वळला. “कुशाबाकाका, तुमची गाडी ह्याच मॉडेलची ना? तुम्ही आल्या आल्या बघितलं असेल.”

“देवाची चेष्टा करतास. भोगशात,” कुशाबा म्हणाला. पण गाऱ्हाण्याचा तो खणखणीत गळा आता बसला होता, आणि कोणी “व्हय म्हाराजा” म्हटलं नाही. पूर्वी गेली की गाडी जाणार आणि गाडी गेली की दुकान बंद होणार, हे चाळीला उशिरा का होईना उमगलं. नारळ-पेढ्यांचं ताट तिथेच टाकून कुशाबा फाटकाबाहेर पडला.

शेजारची दुर्गा मात्र रागावली. नातवाला बाहेरगावी शिकायला पाठवू नये, हा कौल तिनेच घेतला होता. “बरं वाटत होतं गं मनाला. कशाला उघडं केलंस?”

“माकाय बरा वाटत होता. माझो झील होतो तो,” जाईबाई म्हणाल्या. “पण तुझ्या नातवान शिकायचा का नाय, ता कुशाबाच्या पायाचो अंगठो ठरवी होतो गो. शाळेचा मास्तरांक इचार, दुखण्याचा डॉक्टराक इचार. आणि गाडी चालू झाली नाय तर पयला खाली वाकान बघ. आम्ही सगळी वर हात जोडून उभी रवलो, खाली एकान बघितला नाय.”

गर्दी हळूहळू पांगली. पूर्वी अजून गाडीपाशीच उभी होती. तिचे डोळे भरले होते.

“मला खरंच वाटलं होतं आई, की तो आहे. आता मी कुणाला विचारू?”

“माका इचार. मी जिती आसंय.”

पूर्वीने डोळे पुसले. मग तिने विचारलं, “मी सुशांतशी लग्न करू?”

जाईबाईंनी शालूची घडी घालता घालता उत्तर दिलं.

“माझा मन नाय म्हणता. माका एकटी रवाचा भय वाटता. पण ता भय माझा हा, विनीताचा मत न्हय. खरा काय ता तुका सांगलंय, आता तुझा तू ठरव.”