ताटावर सोबत

"हे तांबडीचं दूध आहे," माझी नात म्हणाली आणि तिनं चमचा खाली ठेवला.

माझा मुलगा उगाच खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काय होतं? शेणाची ढकलगाडी.

"अगं, शेंगदाण्याचं आहे ते," तो म्हणाला. "तुझ्या आईनं पहाटे काढून ठेवलं होतं ना, तेच घातलंय लापशीत."

"नाही बाबा. तांबडीचं जरा खारट लागतं."

गोठ्यात वाढलेल्या पोरीला कोण फसवणार? रांगायची तेव्हापासून ती धारेच्या वेळी माझ्या पुढ्यात पेला घेऊन बसायची. पेल्यात कुठली गाय उतरली, हे डोळे मिटून सांगायची, आणि आम्हीच तिला कौतुकानं गिऱ्हाइकांपुढे उभी करायचो. तिच्याच बापाच्या हे ध्यानात राहू नये! दुसऱ्या कुणाच्या घरात ही चोरी पचली असती. आमच्या घरात पचणं शक्यच नव्हतं.

पोरगी खुर्चीवरून उतरली. रडली नाही, ओरडली नाही. दप्तर उचललं आणि निघून गेली. तिला घरात आम्ही ठिणगी म्हणतो, आणि ते नाव काही लाडानं पडलेलं नाही.

सगळं सुरू झालं ते ठिपक्यापायी. ठिपक्या म्हणजे तांबडीचं गोऱ्हं. दुधाच्या धंद्यात नर वासरू कुणी पोसत नाही, ते व्यापाऱ्याला जातं. माझ्या सासूच्या काळीही जात होतं. पण या वेळी टेम्पो आला तेव्हा ठिणगी शाळेतून लवकर परतली होती. तांबडी दाव्याला हिसके देत हंबरत होती आणि ही फाटकाशी उभी राहून टेम्पोकडे बघत होती. त्याच संध्याकाळी जेवताना म्हणाली, "ठिपक्याचं दूध आपण का पितो?"

"जेव आधी," मी म्हणाले.

"मला नको मग. दूध नको, लोणी नको, मटण नको, अंडंसुद्धा नको."

माझा मुलगा हसला. "लहान आहे, चार दिवसांत विसरेल."

माझी सून तेव्हा नुकतीच कामावरून आली होती. अंगावर कामाचाच शर्ट. ती शहराची बस चालवते. मोठी, दोन दारांची. तिनं आपली दुधाची वाटी पुढ्यातून बाजूला सारली आणि म्हणाली, "विसरली तर विसरली. तोवर तिला ताटावर एकटी कशाला बसवायची? मीही नाही खाणार."

ही बाई काय सोडत होती, ते मला ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा काडी होती काडी. तिच्या माहेरी दूध म्हणजे आजारपणातलं औषध. आमच्याकडे आली आणि पावाला बोटभर साय लावून खाऊ लागली. मी मुद्दाम तिच्यासाठी जाड साय काढून ठेवायची. दुधावाचून तिला घास उतरत नसे. आणि ती म्हणते, मीही नाही खाणार!

"व्हीगन म्हणतात त्याला," तिनं मला सांगितलं.

"काहीही म्हण. दूधवाल्याच्या घरात त्याला वेड म्हणतात," मी म्हणाले.

पण वेड पद्धतशीर होतं. डॉक्टरीणबाईंना आधी विचारून आली. डाळी, कडधान्यं, तीळ, दाणे, हिरवा पाला, आणि पोरीला रोज एक व्हिटॅमिनची गोळी. सकाळची बस वेळेवर काढायची घाई असते, तरी लवकर उठून कामाचा शर्ट चढवून, त्यावर माझं जुनं एप्रन बांधून ही शेंगदाणे वाटायची. पहिल्या दिवशी ते दूध तळाला लागलं, घरभर करपट वास. दुसऱ्या दिवशी चहात फाटलं. चवळीचे कटलेट केले ते तव्यावर असे विखुरले की कोंबड्यांना दाणे टाकलेत असं वाटावं. मी म्हणाले, "पुढच्या वेळी झाडूनच वाढ." ती हसत हसत खाली बसली आणि चमच्यानं खरवडून तेच खाल्लं. ठिणगीनंही खाल्लं. दोघी समोरासमोर बसून, जणू मेजवानी चाललीय.

आमच्या दुधाच्या दुकानात तर माझ्या तोंडाला फेस आला. नाक मुरडणारी एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "काय हो मावशी, तुमच्याच सुनेला तुमचं दूध चालत नाही म्हणे? मग आम्ही काय समजायचं?"

"असं समजा," मी म्हणाले, "की माझी सून भरल्या बाजारातून बस काढते आणि कुणाला ओरखडा उठत नाही. तुमच्याकडून पिशवीतलं दूध घरी नेताना निम्मं सांडतं. घ्यायचंय की नाही?"

घेतलं. घेणार नाही तर जाईल कुठे?

तर असं बरं चाललं होतं, आणि मुलानं ही लापशी केली. त्याचंही वाईट नव्हतं मनात. पोरगी जरा सुकलीय असं त्याला वाटलं आणि त्याची माया दुधाच्या रूपानंच बाहेर पडते, तो तरी काय करील? पण ठिणगीनं त्या दिवसापासून घरातलं अन्नच सोडलं. फक्त केळी खायची, तीही स्वतः सोलून. दाणे खायची, पण शेंगा स्वतः फोडून. ज्याला दुसऱ्याचा हात लागला ते तिला नको. पोरीचा चेहरा एवढासा झाला. शाळेतून बाईंचा फोन आला, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मला वाटलं, आता सून नवऱ्याला फाडून खाणार. मी असते तर खाल्लं असतं. ती म्हणाली, "अहो, तिला जाऊन सांगा की मी चुकलो. माझ्यासमोर नको. तुम्ही आणि ती."

"सात वर्षांच्या पोरीची माफी मागू?"

"विश्वास सात वर्षांच्या पोरीचाच मोडलाय ना?"

तो गेला. गोठ्यात ठिणगी तांबडीच्या मानेखाली खाजवत बसली होती, तिथे उकिडवा बसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. कान लावला होता, तरीही.

मग सून स्वयंपाकघरात आली आणि एक झाकणाचं पातेलं वेगळं काढलं.

"आई, या पातेल्याला आजपासून मी आणि ठिणगी सोडून कुणाचा हात लागणार नाही. ह्यांचा नाही. तुमचासुद्धा नाही."

माझ्या स्वयंपाकघरात! माझ्याच पातेल्याला! या घरात माझ्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. माझा नवरा बिचारा जन्मभर मूग गिळूनच देवाघरी गेला.

"मी काय त्यात विष कालवणार आहे?" मी म्हणाले.

"माया कालवाल. ह्यांनीही तेच केलं." तिचा आवाज चढला नाही. "माझ्यावर रागवा, दोन दिवस बोलू नका. पण तिच्या पोटात अन्न जाणं आत्ता तुमच्या मानापेक्षा मोठं आहे."

मी दोन दिवस बोलले नाही. मनात म्हणाले, शाब्बास. मोठ्यानं कशाला म्हणू?

त्या संध्याकाळी तिनं पोरीला शेजारी घेतलं. डाळ कुठली, तेल कुठलं, मीठ कुठलं, सगळं ठिणगीच्याच हातानं पातेल्यात. ठिणगी एकेक वस्तू हुंगून टाकत होती. शिजल्यावर दोघींनी एकाच ताटात घेतलं. आधी सुनेनं घास घेतला. ठिणगी तिच्या जबड्याकडे बघत राहिली, तो गिळेपर्यंत. मग तिनं चमचा उचलला.

मी दाराआड होते. त्या पोरीच्या गळ्यातून घास खाली उतरताना मला जे वाटलं ते मी कुणाला सांगणार नाही.

पुढे बरेच महिने गेले. पोरीनं अंग धरलं, गालावर रंग आला. सून तेवढी थकलेली दिसायची, पण पातेलं चुकलं नाही.

आणि परवा ठिणगी मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आली ती दारातच थांबली. सून नुकतीच कामावरून येऊन बुटाच्या नाड्या सोडत होती.

"आई, मी आईस्क्रीम खाल्लं."

"बरं. कसं होतं?"

"छान होतं," म्हणाली आणि भोकाड पसरलं. "ठिपक्या..."

"ठिपक्याची आठवण गेली का त्यानं?"

"नाही."

"मग आत ये. पाय धू."

एवढंच. पोरगी डोळे पुसून आत पळाली. पाय धुऊन आली तर तिला भूकही होती! बापाकडे जाऊन म्हणाली, "बाबा, लोणी आहे?" बापानं लोणी असं काढलं की भांडंच उपडं होतंय की काय.

मला वाटलं, सुटली एकदाची माझी सून. मी संध्याकाळच्या धारेचं दूध तापवलं, पेला भरला आणि तिच्याकडे नेला. ती मोरीशी उभी राहून उद्याची चवळी धूत होती.

"घे. आता तुला कोण अडवतंय?"

तिनं पेल्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. नाकपुड्या हलल्या, ते मी टिपलं.

"नको आई."

"अगं, तिनंच सोडलं ना?"

"आज सोडलं. उद्या पुन्हा वाटेल तिला. एखाद्या दिवशी प्रवासी आला नाही म्हणून स्टॉप उचलून नेतात का?"

आणि पुन्हा चवळी धुवायला लागली. दिवसभर पेडल दाबून तिची उजवी टाच दुखते. ती भार डाव्या पायावर टाकून, मोरीच्या कठड्याला टेकून उभी होती. मी पेला घेऊन तिच्या शेजारी तशीच थांबले. पेल्यातल्या दुधावर साय धरली.

मग कोपऱ्यातलं स्टूल मी पायानं तिच्याकडे सरकवलं.