वरचा मजला

"वहिनी, तुम्ही नुसतं तोंड उघडा, बाकी माझी शिकवण बोलेल," असं म्हणत धाकट्या दिरानं तिला परदेशातल्या भाषाशाळेच्या दारात सोडलं. चाचणी झाली आणि वहिनी तळमजल्यावर पोचली, "हे टेबल आहे" म्हणणाऱ्यांच्या वर्गात.

शाळेची मांडणी सोपी होती. देशोदेशीची माणसं आधी चाळून घ्यायची, मग जेवढं इंग्रजी तेवढा मजला. सकाळी व्याकरण, दुपारी कानाला हेडफोन लावून ऐकणं, नंतर जोडीनं बोलणं. तोंडी परीक्षा पास झाली की एक मजला वर. इमारतीत स्वतःची भाषा बोलायला सक्त बंदी. ठेच लागली तरी इंग्रजीत कळवळायचं.

वहिनी नर्स होती. इथल्या हॉस्पिटलनं तिची जागा धरून ठेवली होती, पण सत्र संपायच्या आत ती सगळ्यात वरच्या वर्गात पोचली तरच. ती नेटानं चढत गेली. घरी दीर रोज विचारायचा, आज कोण वर गेलं? शेवटचा मजला तेवढा राहिला, आणि तिथंच घोडं अडलं.

परीक्षेत तापानं फणफणलेल्या पेशंटशी कसं बोलावं, ते तिनं झकास सांगितलं. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी मान डोलावली. राहिलं फक्त निरोप घेणं. वहिनी उठली, गोड हसून "आय ॲम कमिंग" म्हणाली आणि निघून गेली.

बाईंना वाटलं, बाथरूमला गेली असेल. रेकॉर्डिंग चालूच होतं. वहिनी बसनं घरी पोचून कुकर लावून मोकळी झाली, तरी बाई वाट बघत होत्या. निकाल लागला: परीक्षा अपूर्ण.

"अहो, निघताना 'गोइंग' म्हणायचं असतं," दीर म्हणाला.

"जाते कसं म्हणू, भाऊजी? आईनं जन्मात म्हणू दिलं नाही. घरातून निघताना येते म्हणायचं."

"मग येत राहा तळमजल्यावर."

बाईंनी आणखी एकदा बोलावलं, शेवटचं. वहिनीनं माहेरी यातलं काही कळवलं नव्हतं. मजले नाहीत, नापास होणं तर नाहीच. आरशासमोर ती "गोइंग" म्हणायची आणि जीभ चावायची.

परीक्षेत शेवटी ती उठली, खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि "आय ॲम गोइंग" म्हणाली. मग अगदी हळू, दाराकडे बघत, "येते."

बाईंनी ऐकलं. मार्क कापले नाहीत.

वहिनीनं खिडकीतून खाली उभ्या दिराला वर बोट करून दाखवलं. त्याला राहवेना. त्यानं लगेच तिच्या मामांना मेसेज टाकला: 'वहिनी वर गेल्या. शेवटपर्यंत हसत होत्या. सगळ्यांना कळवा.'

मेसेज वाचून मामा मोरीत धुण्याच्या बादलीसमोर मटकन बसले. तेवढ्यात फोन वाजला. इकडे वहिनी जिन्याच्या आडोशाला उभी होती, बंदी म्हणून तोंडावर हात धरून, कुजबुजत.

"मामा, मी बोलतेय. वरून. आता सगळी काळजी मिटली, आईला सांगा. इथं फार छान आहे. तुम्हीही या लवकर."

फोन बादलीत पडला. अजून चालू झालेला नाही.