नणंदेच्या दंडावरचा पट्टा

रोज सकाळी चहाची भांडी विसळून झाली की सासूबाई कपाटाच्या वरच्या खणातून रक्तदाब मोजायचा पट्टा काढत आणि हाक मारत, "बारके, हात दे." बारकी म्हणजे त्यांची लग्नाची मुलगी. ती बाही वर सरकवी, पट्टा फुगे, यंत्रावर हिरवा दिवा लागे. दिवस गेले होते ते सुनेला. ती तेव्हा मागे धुणं धूत असे.

पट्टा सुनेसाठीच आला होता; गरोदर बाई असलेल्या घरोघरी असा एकेक दिला होता. पैसा परदेशातल्या मदतसंस्थेचा, यंत्र विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचं, आकडे पोचवायचं काम फोन कंपनीचं. तिघांनी मिळून बारीकसारीक सगळ्याचा विचार केला होता. सुनेचं दुखणं घराबाहेर जाऊ द्यायचं नसतं, ही रीत मात्र कोणाच्या डोक्यात आली नव्हती. शेजारच्या घरात एकदा लाल दिवा लागला, दारात दवाखान्याची गाडी आली आणि ती सून गल्लीभर 'रोगट' ठरली. सासूबाईंनी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली, आपल्या दारात गाडी येऊ द्यायची नाही. त्यातून बारकीचं स्थळ जुळत आलेलं. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मला ते म्हणवत नाही.

हे आकडे ज्यांच्याकडे जात, त्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना पहिल्यापासून संशय होता. सुनेचे पाय सुजलेले, चेहरा फुगलेला, आणि आकडे मात्र धडधाकट पोरीचे. माझ्यासमोर मोजा, असं त्यांनी म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, आत्ताच मोजलंय, जरा पडलीय ती. शेवटी नर्सबाईंनी वरच्या साहेबांना फोन केला. या घराचे आकडे सगळ्यांत चांगले आहेत, उगाच फाटे फोडू नका, यंत्र खोटं बोलत नाही, असं उत्तर मिळालं. यंत्र खरंच खोटं बोलत नव्हतं. बारकीची तब्येत ठणठणीत होती.

त्या दिवशी सून नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत बसली होती आणि सुईत दोरा जाईना. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, असं ती नणंदेला हळूच म्हणाली. सासूबाईंच्या कानावर गेलंच. आमच्या वेळी नव्हती असली थेरं, असं पुटपुटत त्यांनी पट्टा काढला.

"बारके, हात दे."

"नाही, आई."

"दारात गाडी आली तर तुझं स्थळ जाईल. कळतंय का?"

"जाऊ दे. उद्या मीपण कोणाच्या तरी घरी जाईन. तिथे माझ्याऐवजी कोणाचा हात पुढे करतील, याचीच मला भीती वाटते."

तिनं पट्टा वहिनीच्या दंडाला बांधला. लाल दिवा लागला. थोड्याच वेळात नर्सबाईंचा फोन आला. यंत्र बिघडलंय असं सांगायला सासूबाई धावल्या, पण फोन बारकीच्या हातात होता, आणि इतक्या दिवसांचं सगळं तिनं रडत रडत सांगून टाकलं.

वहिनी वाचली. बाळ वाचलं नाही. आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. परदेशी गेलेल्या अहवालात तो शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांशी जुळेना, म्हणून तोच संशयास्पद ठरवून गाळला गेला.

नर्सबाईंनी मग साहेबांचा नाद सोडला. बारकीला सोबत घेऊन त्या स्वतःच घरोघर निघाल्या. पहिलंच घर मागच्या गल्लीतलं. भरल्या दिवसांची सून दाराशी उभी होती. माझ्यासमोर मोजू या, असं नर्सबाईंनी गोडीनं सांगितलं. सासूनं पट्टा आणला. बाही मात्र वर सरकवली ती कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलेल्या नणंदेनं, मान वर न करता, सवयीनं.

बारकीनं त्या मुलीची बाही हलकेच खाली केली आणि पट्टा घेऊन ती दाराशी उभ्या असलेल्या तिच्या वहिनीकडे गेली.