घरचीच तर गाडी

टॅक्सीचं बॉनेट उघडलं तेव्हा कूलंटच्या टाकीत कॉफी होती. म्हणजे रंग तोच, दाटपणा तोच, वर साय धरल्यासारखा थरसुद्धा. इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी जिथे असायला हवं, तिथे हा चिखल. "पाण्यात तेल उतरलंय," आमचे हे म्हणाले आणि गप्प झाले. हे मेकॅनिक आहेत. गिऱ्हाइकाच्या गाडीत असं काही दिसलं की त्यांना थांबवावं लागतं, इतकं बोलतात. त्यांचं गप्प बसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पण मला सवड कुठे होती? मी वन्संशी भांडत होते.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. संसार मोडून आमच्याकडे राहायला आल्या आणि आठवड्याभरात मला पोळ्या लाटायला शिकवू लागल्या. स्वतःचा जीव वाचवायला टॅक्सीची कल्पना मीच काढली. सकाळी त्या चालवतात, दुपारनंतर मी. मधल्या वेळात चहा पिताना त्या सकाळच्या प्रवाशांच्या नकला करतात, आणि मी पोट धरून हसते. खोटं कशाला बोलू, मला त्यांची सवय झालीय.

तर वन्संचं म्हणणं होतं, मी चुकीचं झाकण उघडून टाकीत तेल ओतलं. माझं म्हणणं, तापमानाचा काटा लालवर गेला तरी त्या गाडी दामटतात, म्हणून इंजिनाचं गॅस्केट उडालं आणि तेल पाण्यात मिसळलं. दोघी इरेला पेटलो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला कुठली गोष्ट टिकवता आलीय?"

बोलले आणि जीभ चावली. वन्सं घरात गेल्या, बॅग भरून आणली आणि टॅक्सीच्या डिकीत ठेवली.

"बाळ्या," त्या यांना म्हणाल्या, "गाडी नीट झाली की मला स्टँडवर सोड. माझी मैत्रीण केव्हाची बोलावतेय."

स्वतःची टॅक्सी असताना दुसऱ्याच्या टॅक्सीत बसणं वन्संच्या तत्त्वात बसत नाही. म्हणजे गाडी बंद तोवर वन्सं घरात. एरवी मी यांच्या मागे कामाची घाई लावते, त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं की यांनी सावकाश करावं. त्यांनी टाकी धुतली, साधं पाणी भरलं, थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं आणि "उद्या बघू" म्हणाले. मी यांना दोनदा चहा दिला.

सकाळी टाकीत पुन्हा कॉफी.

"कोणी ओतलेलं असतं तर धुतल्यावर परत आलं नसतं," हे म्हणाले. मी वन्संकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग यांनी इंजिन ऑइलची पट्टी ओढून पाहिली. तेलात पाण्याचा टिपूस नव्हता. टाकीच्या तोंडावर निळ्या औषधाची नळी धरली. गॅस्केट उडालं असतं तर इंजिनातला धूर पाण्यात शिरला असता आणि निळं औषध पिवळं पडलं असतं. ते निळंच राहिलं.

"गॅस्केट शाबूत आहे," हे म्हणाले. आता विजयी मुद्रा वन्संची.

"मग चूक कोणाची?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं. दोन दिवसांत आमचं एवढ्याच बाबतीत एकमत झालं होतं.

यांनी पाना उचलून ऑइल कूलर खोलायला घेतला. त्यात तेल आणि पाणी शेजारी-शेजारी वाहतात, मध्ये आडोसा. तेलाचा दाब जास्त, म्हणून आडोसा फुटला किंवा त्याची रबरी रिंग गेली की तेलच पाण्यात घुसतं. यांनी आतून एक रबरी रिंग काढली आणि पटकन मुठीत लपवली.

"बाळ्या, मूठ उघड," वन्सं म्हणाल्या.

रिंग तेल पिऊन, फुगून दुप्पट झाली होती. वरचं काळं तेल अंगठ्याने पुसल्यावर रबर निळं निघालं. तो निळा रंग मी ओळखला. पावसाळ्याआधी यांनी कूलर साफ केला होता, तेव्हा नवी रिंग आणायचा कंटाळा करून टेबलावरच्या डब्यातली, नळाला लावतात ती रिंग बसवली होती. मी विचारलं होतं, चालेल ना? हे म्हणाले होते, "न चालायला काय झालं? घरचीच तर गाडी!"

"म्हणजे तुम्हाला कालपासून माहीत होतं?" मी म्हणाले.

"शंका होती," हे पुटपुटले.

"मग बोलला का नाहीस?" वन्संनी विचारलं.

"एकेकटीला तोंड देता येतं, ताई. दोघी एक झालात की मी कुठे जाऊ?"

मला हसू आलं. वन्संना आलं नाही. त्यांनी यांना दुकानात पिटाळलं आणि तेलात टिकणाऱ्या रिंगचं बंद पाकीट स्वतः फोडून पाहिलं. मग सगळं आतून धुवायचं होतं. हीटरची नळीही साफ व्हावी म्हणून हीटर पूर्ण चालू ठेवून, कोणीतरी आत बसून ॲक्सिलरेटर धरायचा. वन्सं बसल्या. काट्यावर नजर ठेवायला मी शेजारी. बाहेर ऊन, आत हीटर, आणि काच आधी कोण उघडतं यावर आमचं अबोल युद्ध. घाम डोळ्यांत जाऊ लागला.

"वन्सं, मी काल जे बोलले..."

"काट्याकडे बघ," त्या म्हणाल्या.

काच त्यांनीच उघडली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. हे पाणी सोडत होते, भरत होते. तपकिरी, मग मळकट, मग गढूळ. प्रत्येक वेळी पाणी थोडं स्वच्छ व्हायचं आणि मला वाटायचं, पुन्हा मळावं. शेवटी नळासारखं पाणी आलं. यांनी नवं कूलंट भरलं, हवा काढली, काटा मध्यावर टेकला.

"चल, फेरी मारून बघू," वन्सं मला म्हणाल्या. गाडी त्यांनी सरळ स्टँडच्या रस्त्याला घेतली. मला खूप बोलायचं होतं, बोलले ते एवढंच, "जाऊ नका ना."

त्यांनी गिअर बदलला. स्टँडच्या अलीकडे एका म्हाताऱ्या बाईंनी हात केला. सोबत भलीमोठी ट्रंक. वन्संनी ब्रेक मारला, उतरल्या, डिकी उघडली. ट्रंक काही केल्या बसेना. त्यांनी एकदा ट्रंककडे पाहिलं, एकदा स्टँडकडे. मग स्वतःची बॅग ओढून काढली, दार उघडलं आणि माझ्या मांडीवर आदळली.

"धर," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर कपाटात ठेव. आणि घडी मोडू नकोस, तुला कपडे लावता येत नाहीत."

मी बॅगेला दोन्ही हातांनी मिठी मारली. मागच्या बाईंनी विचारलं, ह्या का रडताहेत?

"हीटर लागलाय तिला," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी मीटर चालू केला.